रेग्नरची मूठ

रेग्नरची बोटं हळूहळू मेणबत्तीभोवती मिटली आणि गावच्या सभागृहात हुंदके फुटले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी कॉफीचे कप खाली ठेवून डोळे पुसले.

रेग्नर गवंडी. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्याची मान मोडली, तेव्हापासून दंड हलायचे, पण पंजे निर्जीव. आणि आज तो मेणबत्ती धरून बसला होता! शेजारी त्याचा हात खालून तोलून उभा होता मॅग्नस टॉफ्टिंग, लुळे हात बरे करतो म्हणवणारा उपचारक.

"बघा! मी बोटांना शिवलोसुद्धा नाही," तो गरजला. "उत्तर समुद्राचा प्रवाह माझ्या छातीतून त्याच्या नसांत उतरतोय!"

उत्तर समुद्राला दुसरं कामच नसावं.

"पण अंगात लोखंड गेलं की प्रवाह आटतो. डॉक्टरांच्या तारा याला नकोत."

रेग्नरची आई बोडिल उभी राहिली. "ऑलबोर्गच्या इस्पितळातलं, हातात तारा बसवायचं ऑपरेशन आम्ही रद्द करतोय."

तेव्हा मी चाकाची खुर्ची पुढे घेतली. घोड्यावरून पडून माझीही मान मोडलेली. ते ऑपरेशन माझ्या हातावर झालेलं आहे.

"टॉफ्टिंगसाहेब, याचं मनगट खाली सोडा बघू."

"थीरा, शंकेखोर माणसापुढे प्रवाह थांबतो."

"मग बोडिलमावशी, तुम्ही या. याचा हात याच्याच मांडीवर ठेवा. आता फक्त मनगट मागे उचला, बोटांना लावू नका."

बोडिलनं मनगट उचललं. बोटं मिटली. खाली सोडलं, उघडली. पुन्हा उचललं, पुन्हा मिटली.

"तुमच्याही छातीत समुद्र आला का, मावशी? मनगट मागे वळलं की आतले स्नायुबंध ताणतात आणि बोटं आपोआप आत ओढली जातात. हात लुळा असला तरी. हे रेग्नर करत नाही आणि हे साहेबही करत नाहीत."



"आणि तुझा हात?" टॉफ्टिंग उसळला. "तोही यंत्राचाच खेळ!"

"यंत्राचाच! लपवतंय कोण?" मी मांडीवरची पेटी सर्वांना दाखवली. खांदा हलवून पेटीला इशारा दिला, अंगठा तर्जनीवर दाबला, केक खायचा काटा धरला. "मावशी, ओढा."

तिनं काटा ओढला. तो जरा निसटला आणि माझा अंगठा आपणहून घट्ट आवळला.

"मला यातलं काही जाणवत नाही. पण बोटाच्या कातडीला अजून कळतं. तिचा निरोप मोडलेल्या मानेपाशी अडतो, म्हणून डॉक्टरांनी मज्जातंतूभोवती एक कडं बसवलंय. ते वाटेतच निरोप ऐकतं. काटा घसरला की पेटी अंगठ्याच्या स्नायूला जास्त वीज देते. आता पेटीचं बटण बंद करा."

बोडिलनं बंद केलं. काटा जमिनीवर खणकन पडला.

"माझं बटण हे असं उघड्यावर आहे, साहेब. तुमचं दाखवा!"

टॉफ्टिंग कोट उचलून निघाला. निम्मे लोक त्याच्यामागे गेले, खोटं कशाला बोलू? रेग्नर मात्र माझ्यावरच खेकसला.

"आज पहिल्यांदा वाटलं होतं, हात परत आला. तेवढंही राहू दिलं नाहीस!"

"नाही दिलं," मी म्हणाले. "तो तुला हात नाही, टाळ्या देत होता. उद्या त्यानं मनगट सोडलं असतं आणि म्हणाला असता, तुझीच श्रद्धा कमी पडली."

त्यानं खाली पडलेल्या काट्याकडे पाहिलं.

"तुझं चुकतं का कधी?"

"चुकतं की. परवा केक चुरडला. मग डॉक्टर तारा तपासतात, वीज कमी-जास्त करतात. चुकलं की दोष यंत्रात शोधतात, माझ्यात नाही."

"आई," रेग्नर म्हणाला, "ऑलबोर्गला फोन लाव. येतोय म्हणावं."

मोडलेल्या माणसाला आशा हवीच. पण जी आशा प्रश्न विचारल्याबरोबर कोट उचलून पळते, तिला दारापर्यंत पोचवायलासुद्धा जाऊ नका. विचारा, हात लावून बघा, बटण बंद करायला सांगा. जे खरं असतं ते तपासणीला घाबरत नाही.