रेग्युलेटरची नाकपुडी

बिस्किटांच्या कारखान्यातला गॅसचा रेग्युलेटर गुणगुणत असे, आणि मॅनेजरसाहेबांच्या मते हा त्यांच्याविरुद्ध रचलेला कट होता. भिंतीपलीकडेच त्यांची केबिन. जेवणानंतर साहेब डोळे मिटून नियोजन करायला बसत आणि नेमकी तेव्हाच भिंतीतून शीळ यायची, मग घरघर, मग पुन्हा शीळ.

गॅस फिटरला कारण पाठ होतं. भट्ट्या होत्या दोन. साहेबांनी खरेदीच्या वेळी दहा भट्ट्यांचं स्वप्न पाहिलं आणि स्वप्नाच्या मापाचा रेग्युलेटर आणला. दोन भट्ट्यांपुरता गॅस सोडायचा तर त्याची झडप केसभरच उघडायची. त्या फटीतून गॅस शीळ घालत निसटायचा, झडप खाली आपटायची, परत उघडायची. दाब वरखाली, ज्योत वरखाली. आधीचा लहान रेग्युलेटर वर्षानुवर्षं निमूट काम करायचा. निमूट असल्यामुळे तो साहेबांच्या नजरेत भरला नाही आणि त्याची रवानगी स्टोअरमध्ये झाली.

फिटर साहेबांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साहेब त्याला एरवी ‘फिटर’ म्हणत आणि काही अडलं की ‘दाजी’.

“दाजी, सोमवारी मालक येतायत. तोवर हा आवाज बंद झाला पाहिजे. नाहीतर मंगळवारपासून तुम्ही स्टोअरला.”

स्टोअर म्हणजे छतापर्यंत मैद्याची पोती, आणि फिटरला दमा. तिथे तासभर थांबला तर संध्याकाळी रेग्युलेटरसारखी शीळ त्याच्याच छातीतून निघे.

“जुना लहान बसवतो, साहेब. अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

“म्हणजे मी चुकीचा घेतला?”

“चुकीचा नाही. मोठा.”

“मोठं कधी चुकीचं असतं का?”

या एका समजुतीवर साहेबांची सबंध नोकरी उभी होती.

साहेबांनी मग पाइपला गादी गुंडाळून घेतली. आवाज भिंतीतून यायचा तो खिडकीतून येऊ लागला. फिटरला घरीही सुटका नव्हती. “माझ्या भावाचं डोकं उठतं हो,” बायको म्हणाली. “एक डबडं गप्प करता येत नाही तुम्हाला?”

सोमवारी सकाळी साहेब स्वतः रेग्युलेटरपाशी कान लावून उभे राहिले. त्याच्या टोपणावर एक बारीक भोक होतं. साहेबांनी त्यात रबरी बूच कोंबलं. गुणगुण थांबली.

“साहेब, ती त्याची नाकपुडी आहे,” फिटर म्हणाला. “आतला पडदा तिथून हवा घेतो नि सोडतो, तेव्हा झडप हलते. नाक दाबलंत तर ती आहे तिथेच अडकेल. दुसरी भट्टी पेटवली की गॅस पुरणार नाही.”

“आवाज येतोय?”

“नाही.”

“मग?”

फिटरने बुचाकडे हात नेला.

“हात लावलात तर मंगळवारची वाट बघायला नको.”

फिटरने हात खिशात घातला आणि स्टोअरमधून लहान रेग्युलेटर आणून पुसायला घेतला.

दहा वाजता मालक आले. साहेब त्यांना आधी भट्टीकडे नेण्याऐवजी भिंतीकडे घेऊन गेले. “ऐका. काहीच ऐकू येत नाही ना? महिनाभराचा त्रास, मी स्वतःच्या हातांनी बंद केला. फिटरला जमलं नाही.”

मालकांनी कौतुकाने मान हलवली आणि दुसरी भट्टी पेटवायला सांगितली. ती पेटली. दाब कोसळला. ज्योती आधी बुटक्या, मग निळ्या ठिपक्यांएवढ्या झाल्या आणि दोन्ही भट्ट्यांच्या सुरक्षा झडपा खटकन मिटल्या. कारखान्यात इतकी शांतता पसरली की साहेबांना ती केबिनमध्येही कधी लाभली नव्हती. पट्ट्यावरून एक बिस्किट मालकांच्या हातात आलं. ते वाकलं.

“आवाज कोणी बंद केला म्हणालात?”

साहेब फिटरकडे बघू लागले. “दाजी…”

“मला जमलं नाही, साहेब. तुम्हीच सांगितलंत आत्ता.”

मालकांनी बूच पाहिलं, मग फिटरच्या मांडीवरचं लहान यंत्र पाहिलं. “बसव,” म्हणाले.

दुपारी दोन्ही भट्ट्या पेटल्या. ज्योती काठीसारख्या सरळ, आवाज नाही.

मंगळवारपासून स्टोअर साहेबांकडे आलं. मोठा रेग्युलेटरही तिथेच, पोत्यांच्या मधोमध ठेवलाय, अगदी गप्प. साहेब त्याच्याशेजारी नियोजन करतात. बायकोने विचारलं तेव्हा फिटर एवढंच म्हणाला, “तुझ्या भावाला आता छान झोप लागते.”