रेघ माझ्यावरून गेली तेव्हा

मी एक जुनी हापशी आहे. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावाच्या टोकाला, गल्लीच्या मधोमध उभी आहे. माझा दांडा कुरकुरतो, पण पाणी अजून गोड आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, कारखान्यात मला घडवलं, रंगवलं आणि ट्रकात घालून इथे आणलं. पहिलं पाणी आलं त्या दिवशी मला हार घातला होता. माझ्या डाव्या हाताला गाद्या भरणाऱ्यांची घरं, उजव्या हाताला भाजीपाला पिकवणाऱ्यांची. दोन्हीकडच्या बायका माझ्यापुढे भांडी रांगेत ठेवून कामाला जातात. भांडंच जागा धरतं. दुसरीचं भांडं मागे सरकवायची कोणाची छाती नाही.

मी बिघडले की मात्र हाल. ग्रामपंचायत होती तेव्हा आमचा वॉर्ड भलामोठा, आणि त्यातले तिन्ही मेंबर बाजारपेठेतले. एकदा माझी साखळी तुटली, तर मी आठ महिने नुसतीच उभी होते. उजवीकडच्या भाजीवाल्या जिजाबाईंनी चकरा मारून चपला झिजवल्या. "उद्या पाहू" एवढंच उत्तर. राग यायचा मला, खरंच.

मग नगरपंचायत झाली. आता सतरा लहान प्रभाग, प्रत्येकाचा एक नगरसेवक. आपल्या गल्लीतलं माणूस निवडून येणार म्हणून सगळे खुशीत होते. पण कच्चा नकाशा लागला, आणि प्रभागांची रेघ बरोबर माझ्यावरून गेलेली! डावी घरं एका प्रभागात, उजवी दुसऱ्यात. दोन्हीकडे आमची माणसं मूठभर, जोर पुन्हा बाजारपेठेचाच. मी बिघडले तर जायचं कोणाकडे?

त्याहून वाईट म्हणजे माझी माणसं एकमेकांवरच रुसली. हे पलीकडच्यांनीच करून घेतलं, असं दोन्हीकडे वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे दोन रांगा लागल्या. दांडा एक, रांगा दोन! चार दिवस नुसती तणतण. हरकत घ्यायची मुदत संपत आली होती, त्याचं भान कोणालाच नव्हतं.

पाचव्या दिवशी गादीवाल्या सैफुद्दीनभाईंच्या अमीनाबींनी आपला गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, उचलला आणि जिजाबाईंच्या कळशीमागे आणून ठेवला.

"काहून आणला इकडे?" जिजाबाई फणकारल्या.

"जिजाबाई, रेघ तुमी बी नाही काढली, आमी बी नाही. परवा मुदत संपून राह्यली. चला, सही करा."

जिजाबाईंनी आधी स्वतःची सही केली. मग पदर खोचून निघाल्या. दोघींनी मिळून हरकतीच्या अर्जावर ऐंशी सह्या-अंगठे गोळा केले.

हरकतीची सुनावणी झाल्यावर ती घेणारे साहेब जागेवर पाहायला आले. "वस्ती एकच आहे, याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"पुरावा कायले पायजे? ही रांग पाहा ना," जिजाबाई म्हणाल्या. "हा गुंड अमीनाबीचा, ही कळशी माही, ही बकेट उमेराची, मंग आमच्या बाजूच्या हिरालालचा कॅन. सांगा, रेघ कुठून काढता?"

साहेबांनी रांग शेवटपर्यंत पाहिली, कागदावर काही लिहिलं आणि माझंच पाणी प्यायले. माझा जीव टांगणीला लागला होता.

पक्का नकाशा आला. रेघ वस्तीबाहेरच्या नाल्यापलीकडे सरकली होती, दोन्हीकडची घरं एकाच प्रभागात. मित्रांनो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पुढे निवडणुकीला अमीनाबी आणि हिरालाल दोघेही उभे राहिले. अमीनाबी अकरा मतांनी आल्या. हिरालाल आले असते तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

परवा माझा वायसर गेला, दांडा हापसला तरी पाणी चढेना. अमीनाबींचं भांडं रांगेत नववं होतं. पुढच्या आठ जणींनी त्यांना तिथेच गाठलं.

"नगरसेवक झाल्या ना तुमी? मंग हे काय?" जिजाबाईंचा आवाज सगळ्यात मोठा. दुपारी मिस्त्री हजर झाला.

मित्रांनो, माझ्या दांड्याला लोंबकळू नका, ओट्यावर घाण करू नका. आणि तुमच्या वस्तीचा नकाशा भिंतीवर लागला, की मोठ्या माणसांना हाताला धरून तिथे न्या आणि मुदतीच्या आत वाचायला लावा. माझं आता बरं चाललंय. अमीनाबी रोज येतात, आणि रांगेत त्यांना कोणीही पुढे घेत नाही.