मुनीब कुठाय?

उमरीत धर्माबाद रस्त्याला फारूकचं गॅरेज होतं. गाडी बिघडली की लोक रस्त्यावरूनच ‘फारूकभाई’ अशी हाक मारत आत यायचे. धाकटा भाऊ मुनीब सौदीतून परतला, त्याच गॅरेजात काम करू लागला, आणि बघता बघता ती हाक बदलली. आता लोक गाडीतून उतरायच्या आधीच विचारायचे, “मुनीब कुठाय?”

फारूक हसून बोट दाखवायचा. आत मात्र जळायचं. घरी त्याची बायको बानोही दिराला तिकडच्या गोष्टी विचारायची आणि हातातलं काम सोडून ऐकत बसायची.

हणमंतरावांनी तेच विचारलं तेव्हा जास्त झोंबलं. बिलोलीकडचे हे शेतकरी फारूकचे जुने दोस्त. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. तेव्हापासून बाजाराला जायचं म्हटलं की कुणाच्या तरी मिनतवाऱ्या कराव्या लागत. शेवटी त्यांनी हैदराबादहून एक जुनी पिकअप आणली, ऑटोमॅटिक गिअरची. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाचं कामच नाही. मिरचीची पोती भरून ते स्वतः गाडी हाकत धर्माबादला जायचे, आणि वाटेत ओळखीचा दिसला की हॉर्न वाजवायचे.

आता ती पिकअप लहरी झाली होती. चांगली पळता पळता मधेच खालचा गिअर धरायची, इंजिन कण्हायचं, मान पुढे जाईल असा हिसका बसायचा आणि लगेच पुन्हा सुरळीत. ऑटोमॅटिक गाड्यांवर फारूकचा हात बसला नव्हता. मुनीबने तिकडे त्याच केल्या होत्या. त्याने गिअरचं तेल बघितलं. लाल होतं, जळका वास नव्हता. मग तपासायचं मशीन लावलं. त्यावर एकदा एक चूक दिसली, पुढच्या वेळी काहीच नाही.

दोघे भाऊ गाडी घेऊन रस्त्याला लागले. मुनीब चालवत होता, त्याचा कान गिअरबॉक्सच्या आवाजाकडे आणि नजर खड्ड्यांकडे. फारूक शेजारी बसला होता. एका खड्ड्यात गाडी आदळली, हिसका बसला, आणि त्याच क्षणी वेगाचा काटा धपकन शून्यावर पडला. गाडी धावत होती तरी! पुढच्या खड्ड्याला पुन्हा तसंच.

फारूक काट्याकडे वाकला आणि त्याच्या लक्षात आलं. गाडीचा वेग सांगणारी वायर कुठेतरी घासली असणार. धक्का बसला की तिचा संपर्क तुटतो, गाडीला वाटतं आपण थांबलो, आणि ती खालचा गिअर घेते. गिअरबॉक्सचा काही दोषच नव्हता.

तो तोंड उघडणार होता. तेवढ्यात मुनीब म्हणाला की आतलेच वॉल्व अडकत असतील, बॉक्स उतरवावा लागेल. फारूकने ओठ मिटले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. उतरव, त्याला वाटलं. बघू दे लोकांना.

मुनीबने बॉक्स उतरवला. गाडीखाली पाठीवर पडून त्याने तो साफ केला, वॉल्व बदलले, पुन्हा चढवला. फारूक दुसऱ्या गाड्यांची कामं करत राहिला आणि मधून मधून भावाच्या तेलकट पायांकडे बघत राहिला. त्याला गोड वाटत होतं, आणि त्या गोडीची लाजही वाटत होती.

हणमंतराव गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. हिसका तसाच होता. भर रस्त्यात गाडी मंदावली आणि मागचा ट्रक थोडक्यात चुकला होता. ते खाली उतरले, काठी टेकून उभे राहिले. रागावले नाहीत.

“इकून टाकतो आता,” ते म्हणाले. “सत्यम न्हेत जाईल मला, जवा त्याला सवड आसंल तवा.”

सत्यम त्यांचा मुलगा. त्याला सवड कधीच नसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुनीब खाली मान घालून उभा होता. हेच बघायला फारूक थांबला होता, पण आता त्याला ते बघवेना.

“इकू नका,” तो म्हणाला. “मुनीब, हिसका बसला की काटा शून्यावर येतोय. वेगाची वायर बघ.”

मुनीबने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग गाडीखाली गेला. लोखंडी पट्टीला घासून साल निघालेली वायर त्याला लगेच सापडली. त्याने ती जोडली, वर नळी चढवली आणि पट्टीपासून लांब बांधली. हणमंतराव स्वतः खड्ड्यांतून चक्कर मारून आले. गाडी एकदाही अडखळली नाही.

“भाईनं शोधलं,” मुनीब त्यांना म्हणाला. “मी उगाच बॉक्स खोलला.”

हणमंतरावांनी फारूकच्या खांद्यावर थाप मारली. ज्या शाबासकीसाठी तो इतके दिवस जळत होता ती मिळाली, आणि त्याला ती नकोशी झाली. भावाच्या जागी आपण असतो तर दुसऱ्याचं नाव इतक्या सहज घेतलं असतं का, हा विचार त्याला सोडेना. आता तो भावाच्या मनाच्या मोठेपणावर जळत होता.

हणमंतराव गेल्यावर तो म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं.”

“म्हाईत हाय,” मुनीब हात पुसत म्हणाला. “तू काट्याकडं वाकला न् मंग खिडकीकडं तोंड फिरवलं. तवा समजलं न्हाई. आज समजलं.”

“मंग हणमंतरावला का न्हाई सांगितलं?”

“तुझं गिऱ्हाईक हाय भाई. त्याच्यापाशी तुझं नाव कशाला खराब करू?” मुनीब कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाला. “पर फुडच्या टायमाला बॉक्स उतरवायच्या आधी सांग. माझी पाठ गेली.”

फारूक खाली वाकला. त्याने भावाच्या पायाशी पडलेले नट खोलायचे पाने उचलले आणि एकेक पुसून जागेवर ठेवायला लागला.