मदतनीस अज्ञात, म्हणे!

मित्रांनो, मी चोरीचा माल आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मागाहून तुम्हीच कुजबुजाल. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत कोरलंय, 'डेअरीची मालमत्ता. परवानगीशिवाय वापरल्यास दंड.' पन्नास वर्षं झाली, दंड मागायला अजून कुणी फिरकलं नाही. मी दूध वाहायला बनवलेला लाल प्लास्टिकचा क्रेट. दूध मी उणेपुरे सहा आठवडे वाहिलं. मग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका दुकानाच्या मागच्या दारातून अर्नेटा गॅस्किन्सनं मला उचललं आणि माझं नशीब उघडलं.

दूधवाल्यांनी मला याच मापाचा का बनवला ते त्यांनाच ठाऊक, पण गाण्याची मोठी रेकॉर्ड माझ्यात अशी बसते, जशी डब्यात पोळी. ना सैल, ना घट्ट. त्या काळात सगळ्या ब्रॉन्क्समधून क्रेट गायब होत होते. डेअरीवाले डोकं धरून बसलेले आणि आम्ही क्रेट मंडळी एकदम खूश. आयुष्यभर कोण दुधाचा वास घेत बसणार?

सध्या मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत असतो. दिवा काय, गालिचा काय, विचारू नका. पण आल्या दिवसापासून माझं डोकं असं फिरलेलं होतं! कारण काचेखालच्या कार्डावर काय लिहिलं होतं माहितेय? 'किंग टोलिव्हर यांचा रेकॉर्डचा क्रेट. हिप हॉपच्या जन्मकाळातील. मदतनीस: अज्ञात.'

अज्ञात! अरे, जिनं मला चार-चार जिने चढवले, जिच्या मांडीवर माझ्या कोपऱ्यांचे वळ उठायचे, ती अज्ञात? रोज शाळेतली पोरं रांगेनं यायची, ते कार्ड मोठ्यानं वाचायची आणि वहीत उतरवून घ्यायची. मी आतून बोंबलतोय, पण क्रेटचं कोण ऐकतं?

आता तुम्ही सापडलाच आहात तर नीट ऐका.

अर्नेटा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. उंची इतकी बेताची की बसमधली दांडी धरायला टाचा उचलाव्या लागायच्या. आमच्या भागातल्या अर्ध्या इमारती जळून काळ्या पडल्या होत्या. शहरातल्या क्लबात आमच्या पोरांना दारातूनच परत पाठवायचे. मग शनिवारी दुपारी पोरं बागेतच नाचायची. हेक्टर ओकासियो नावाचा पोर्तो रिकोचा मुलगा होता, त्यानं स्पीकर बनवले. कशाचे? आजीच्या कपाटाचे! आजी वारली, कपाट मागे राहिलं. ह्यानं त्याला भोकं पाडली आणि आत भोंगे बसवले. त्याची आई चप्पल घेऊन दोन गल्ल्या त्याच्या मागे धावली होती. आणि वीज? ती बागेला लागून राहणाऱ्या मिस इनेझच्या स्वयंपाकघरातून यायची. खिडकीतून वायर सोडायच्या आधी ती स्वतःचा फ्रिज बंद करायची. कुणी बोललं की म्हणायची, "दूध नासलं तर नासू दे. पोरं नासायला नकोत."

आता असं बघा. ते कपाटाचे स्पीकर पुरुषभर उंच. त्यांच्या मागे रेकॉर्ड लावायला अर्नेटा. म्हणजे पुढून दिसणार काय? कपाट! आणि कपाटाच्या पुढे माईक धरून क्लीव्हन टोलिव्हर. डोक्यावर पिसाची टोपी. 'किंग' ही पदवी त्याची त्यानंच घेतलेली. तोंड मात्र त्याचं खरंच राजासारखं चालायचं, हे मी नाकारत नाही. "हात वर! तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई, तुम्ही पण हात वर!" असं म्हणाला की आजीबाई खरंच हात वर करायच्या.

पण पोरं नाचायची कशावर? तर गाण्यात मधेच एक जागा येते. गाणारा गप्प बसतो, बाकीची वाद्यंही थांबतात आणि नुसते ड्रम वाजतात. पंधरा सेकंद, फार तर वीस. पोरं त्या वीस सेकंदांसाठी भिंतीला टेकून वाट बघत उभी राहायची आणि ते आले की जिवाच्या आकांतानं नाचायची. अर्नेटाच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, मग तेवढंच वाजवू की! तिनं प्रत्येक रेकॉर्ड दोन-दोन घेतली, शेजारी शेजारी दोन यंत्रं मांडली. एकीवरचे ड्रम संपले की लगेच दुसरीवर तेच ड्रम. तोवर पहिली उलटी फिरवून जागेवर आणायची. वीस सेकंदांची तिनं दहा मिनिटं केली. ड्रम नेमके जिथे सुरू होतात, तिथे तिनं लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिलेला असायचा. जगात हे सगळ्यांत आधी कुणी केलं, यावर भांडायला शहाणे पुष्कळ आहेत. मी आपला माझ्या गल्लीपुरतं बोलतो.

आणि गुपितं किती ती! दुसऱ्या गल्लीतले वाजवणारे हेर पाठवायचे. एकदा एक काटकुळा पोरगा मान लांब करून माझ्यात डोकावला. "काय गं, ही कुठली रेकॉर्ड?"

"तुझ्या आईची अंगाई आहे," अर्नेटा म्हणाली. "घरी जाऊन झोप."

म्हणून तर रेकॉर्ड आणल्या की ती पहिल्यांदा त्यांना आंघोळ घालायची. टबात गरम पाणी, साबणाचा चुरा, आणि मधलं लेबल भिजलं की अलगद सोलून काढायचं. गायकाचं नाव गेलं, कंपनी गेली, उरली नुसती काळी चकती. बघणाऱ्यानं डोकं आपटलं तरी कळायचं नाही कुठलं गाणं ते. आमच्याकडे सगळेच असं करायचे, पण अर्नेटाइतकं स्वच्छ काम कुणाचं नव्हतं. माझ्या पोटात चाळीस रेकॉर्ड होत्या, अक्षर म्हणून कशावर नाही. गंमत बघा, लोकांची नावं धुता धुता बाईसाहेब स्वतःचं नाव कुठेतरी लिहायच्या राहिल्या. माझ्या बुडाशी एक 'अ' खरडला असता तरी पुढचा सगळा ताप वाचला असता. पण नाही!

पाच वर्षं आम्ही धमाल केली. मग तिकडे दक्षिणेला तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिनं मला टोलिव्हरच्या हातात दिलं. "दोन महिन्यांत येते. सांभाळ ह्याला." दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. परत येऊन विचारलं तर टोलिव्हर म्हणतो, "आईनं टाकून दिला असेल गं." मी कुठे होतो? त्याच्याच आईच्या कपाटात, हिवाळ्याच्या कोटांखाली. डोक्यावर कचरा ओढायचं यंत्र आणि पोटात डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यापेक्षा दूध बरं होतं.

अर्नेटा, मला मागाहून कळलं, शहराची बस चालवायला लागली. अठ्ठावीस वर्षं चालवली. तिच्याच बसमध्ये मागे बसून पोरं टेपवर तीच करामत नव्यानं ऐकायची, आणि तीच पोरं पुढे येऊन तिला सांगायची, "मावशी, जरा दमानं चालवा. तुम्हाला ठेका कळत नाही का?"

मग हिप हॉपला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांना एकदम जुन्या सामानाचा उमाळा आला. टोलिव्हरनं मला कोटांखालून काढलं, पुसलं आणि संग्रहालयाला दिलं. तो जाणूनबुजून खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते. त्याच्या गोष्टीत तो एकटाच होता, एवढंच.

संग्रहालयाचे ब्रॅमवेलसाहेब माणूस सज्जन. पांढरे हातमोजे घालून मला उचलायचे, तान्ह्या बाळासारखं. पण नेलपॉलिशच्या ठिपक्यांबद्दल त्यांनी वहीत काय लिहिलं? 'लाल डाग. बहुधा रक्त.' मी हसू का रडू?

दोन वर्षांनी एका रविवारी टोलिव्हरचं तिथे भाषण होतं. पंचाहत्तरीचा टोलिव्हर, टोपी तीच, पीस नवं. गर्दी बरी होती. आणि गर्दीच्या मागून एक बुटकी म्हातारी पुढे सरकत सरकत थेट माझ्यापाशी आली. बस चालवणाऱ्यांचं निळं जाकीट होतं अंगात. मी ओळखलं! तिनं कार्ड वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग काचेवर हात ठेवला.

"मॅडम, काचेला हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"मी कुठे काचेला लावतेय? माझ्या क्रेटला लावतेय. काच मधे आली, त्याला मी काय करू?"

पहारेकरी हसला, ब्रॅमवेलसाहेब मात्र धावत आले. "मिस, तुमच्याकडे काही पुरावा आहे? एखादा फोटो?"

"फोटोत मी नाही. फोटोत कपाट आहे."

"मग क्रेटची पावती वगैरे?"

"चोरीच्या क्रेटची पावती?" अर्नेटा म्हणाली, आणि सगळी गर्दी खदखदली. टोलिव्हर व्यासपीठावरून ओरडला, "कोण आहे ते? अर्नी? अगं, जिवंत आहेस तू!"

"तुझ्या कार्डावर नाहीये, क्लीव्हन."

तो वरमून खाली आला. म्हणाला, "तू मदत करायचीस, ते मी सांगितलं होतं त्यांना. नाव सांगायचं राहिलं असेल."

"मदत? बरं. साहेब, ह्यातली कुठलीही रेकॉर्ड काढा आणि किंगना विचारा, गाणं कुठलं ते."

साहेबांनी एक काढली. टोलिव्हरनं अलटून पलटून पाहिली. "ही म्हणजे आपली ती... जोरदारवाली." संग्रहालयात दाखवायला एक चालू यंत्र होतं, त्यावर लावली. आतून पाद्रीबुवांचं प्रवचन सुरू झालं! लोक पोट धरून हसले. ती रेकॉर्ड अर्नेटा भांडणं लागली की लावायची, पोरं आपोआप शांत व्हायची.

मग तिची पाळी आली. तिनं रेकॉर्ड दिव्यासमोर तिरपी धरली. "हे बघा, इथे रेघा दाट आहेत, म्हणजे सगळे मिळून वाजवताहेत. इथे विरळ झाल्या, म्हणजे गाणारा गप्प बसला. सुई लाल ठिपक्यावर ठेवा. आधी कुणीतरी खोकेल, मग ड्रम." साहेबांनी सुई ठेवली. कुणीतरी खोकलं, आणि ड्रम! तिनं अशा पाच ओळखल्या, एकही चुकली नाही. पाचवीला तर पहारेकऱ्याचा पाय ठेका धरत होता.

साहेबांनी हळूच विचारलं, "मिस्टर टोलिव्हर, आणखी एकच. प्रत्येक रेकॉर्ड दोन-दोन का आहे?"

"एक फुटली तर दुसरी असावी म्हणून," टोलिव्हर म्हणाला.

कुणी हसलं नाही. तिथे जमलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरांनाही खरं उत्तर पाठ होतं. टोलिव्हरनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी काढली. टक्कल बघून मला जरा वाईट वाटलं, खरंच.

"अर्नी," तो म्हणाला, "माझं तोंड लोकांकडे असायचं गं. मी कधी मागे वळून बघितलंच नाही."

"माहितेय. मी कपाटाआडून तुझी पाठ पाच वर्षं बघितली. शर्ट इस्त्री केलेला नसायचा."

साहेब खुशीत आले. म्हणाले, "ठरलं! उद्याच नवं कार्ड. 'अर्नेटा गॅस्किन्स यांचा क्रेट.'" झालं, मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण ही बाई गप्प बसेल तर ना!

"आणि हेक्टर?" ती म्हणाली. "ज्यानं स्पीकर केले तो? मिस इनेझ?"

"कार्डावर मालकाचं एकच नाव येतं, मिस गॅस्किन्स. तसा नियम आहे. आणखी नावं नाही लिहिता येत."

"मग माझंही नको."

मी आतून ओरडलो. अगं, इतक्या वर्षांनी मिळतंय ते घे की! साहेबांनी समजावलं, टोलिव्हरनंही समजावलं. ती म्हणाली, "हेक्टर मागच्या हिवाळ्यात गेला. शेवटी दवाखान्यात मला म्हणाला, 'अर्नी, ते कपाट कुणाच्या लक्षात असेल का गं?' मी म्हटलं, असेल. आता माझं एकटीचं नाव लावून मी घरी जाऊ? मग माझ्यात आणि क्लीव्हनमध्ये फरक काय, फक्त टोपीचा?" आणि ती जाकिटाची चेन लावून दाराकडे निघाली.

तेव्हा टोलिव्हरनं खिशात हात घातला. लोकांना सह्या द्यायला तो एक जाड काळं पेन बाळगतो. त्यानं ते उघडलं आणि सरळ माझ्या काचेवर लिहायला लागला. 'हेक्टर ओकासियो. स्पीकर. आजीच्या कपाटाचे.' त्याखाली मिस इनेझचं नाव. त्याखाली 'अर्नेटा गॅस्किन्स. सगळं तिनंच वाजवलं. मी फक्त बोलत होतो.'

"अहो, काच! काच!" ब्रॅमवेलसाहेब ओरडले. "धरा त्यांना!"

पहारेकरी धावत आला. टोलिव्हरच्या हातातलं पेन घेतलं, काचेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, माझ्या आत्याचं पण लिहितो. ती बागेत मारामाऱ्या सोडवायची. दोन दात गेले तिचे." आणि त्यानं लिहिलं. ब्रॅमवेलसाहेब खुर्चीत बसले. दाराशी पोचलेली अर्नेटा परत आली आणि म्हणाली, "आत्याचं आडनावही घाल, पोरा. आमच्याकडे त्या नावाच्या तिघी होत्या."

आता रोज कुणी ना कुणी येतं. पुठ्ठ्यावर डोकं टेकून गरगरत नाचणाऱ्या भावाचं नाव लिहितं, भिंतीवर नाचाची जाहिरात रंगवणाऱ्या मैत्रिणीचं लिहितं. साहेब आधी चिडायचे, आता स्वतःच पेनं आणून ठेवतात. काच वरून खालपर्यंत भरली. लोक मला बघायला येतात आणि मी दिसतच नाही! एवढा दिवा लावलाय, गालिचा घातलाय, आणि मी नावांच्या मागे. वैताग आहे नुसता. पण खरं सांगू? मी सुखात आहे.

एवढंच करा, मित्रांनो. कुणी टोपी घालून पुढे उभा राहून आपली कहाणी सांगत असेल तर टाळ्या वाजवा, हरकत नाही. पण टाळ्या थांबल्या की विचारा, "आणखी कोण होतं?" उत्तर मिळालं की परत विचारा. आणि जरा लवकर विचारा हो. हेक्टर इथून पाच मैलांवर राहत होता, दारावर नावाची पाटी होती, आणि इतक्या वर्षांत कुणी साधी घंटा वाजवली नाही.