काजवा बँडचा बेंजो

मी एक जुना बेंजो आहे. मित्रांनो, लग्नाच्या वरातीत गळ्यात लांबट पेटी अडकवून वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. ती पेटी म्हणजे आमचं कूळ. पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टाइपरायटरसारख्या गोल कळा. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. तारांची थरथर वायरीतून स्पीकरच्या बॉक्सपर्यंत जाते आणि तिथून लोकांच्या कानात. बॉक्स नसेल तर माझा आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही पोचत नाही.

माझा जन्म भिवंडीच्या एका गाळ्यात झाला. पलीकडच्या गाळ्यात यंत्रमाग चालत. जगात आल्यावर मी पहिल्यांदा ऐकली ती त्यांची खडखड. माझी फळी सागाची. साग तोडला, चिरला, पॉलिश केला तरी झाड असताना ऐकलेला वारा त्याच्या अंगात राहत असावा. रिकामा असलो की मला तो अजून ऐकू येतो.

उमेदीची वर्षं मी एका बेंजो पार्टीत काढली. पार्टीच्या मालकाला मुलाने दुकानात बसवलं, पार्टी मोडली आणि मी गोदामात हमाली करणाऱ्या राघोकडे आलो. राघो मोखाडा तालुक्यातला, खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरचा. त्याच्या घरात कुणाच्याच नावावर कधी जमीन नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्याच्या भातात, एरवी जिथे काम निघेल तिथे. वाजवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गोदामाच्या मागे पोत्यावर बसून तो मला चाचपडत राहायचा आणि एखादा सूर सापडला की माझ्याकडे बघून हसायचा. मला हाताळणारे हात पुष्कळ झाले होते. हसणारा हा पहिलाच.

त्याने मला गावाकडे नेलं त्या दिवशी घाटातल्या वळणावर जीपच्या टपावरून बॉक्स घसरला. आतला पडदा चिरला. घरी येऊन राघोने वायर जोडली, तार छेडली, आणि बॉक्समधून असा काही आवाज निघाला की कोंबड्या ओट्याखाली गेल्या. तो माझा आवाज होता, पण खरवडलेला, घसा बसलेल्या माणसाने डोंगरावरून हाक मारावी तसा.

शेजारचा तुळशीदास धावत आला. ठाण्याला तो मोठमोठ्या कार्यक्रमांसाठी मांडव आणि दिवे बांधायला जायचा. तिथे त्याने रॉक बँड ऐकले होते.

"राघोदादा, थांब. परत वाजव."

"बॉक्स फाटलाय रे. मोखाड्याला नेऊन नीट करतो."

"हात लावशील तर बघ! तिकडं ठाण्याला लोक मशिन लावून आवाज फाडून घेतात. तुला घाटानं फुकट फाडून दिला. हाच रॉक हाय!"

"रॉक म्हंजे काय?"

"रॉक म्हंजे दगड."

"मग ठीक. आपल्याकडं त्याची कमी नाय."

असा काजवा बँड जन्माला आला. बेंजोवर राघो, ऑक्टापॅडवर तुळशीदास आणि गाणारी तुळशीदासचीच धाकटी बहीण रविना. गाणी तीच रचायची, पाड्यावरच्या बोलीत. नागलीवर, करवंदांवर, कामाला गेलेल्यांच्या बंद दारांवर. पहिला अल्बम त्यांनी मोबाइलवरच ध्वनिमुद्रित केला. त्याचं नाव ठेवलं 'घसा'. मुलांनी तो एकमेकांना पाठवला, मग जीपवाल्यांनी पेनड्राइव्हवर घेतला. मोखाड्याच्या आठवडी बाजारात मला बोट दाखवून पोरं म्हणत, "हाच तो, फाटका!" मित्रांनो, कौतुक कुठल्याही शब्दात आलं तरी कौतुकच असतं.

दुसरा अल्बम आला, 'घसा, भाग दोन'. तोच बॉक्स, त्याच चिरलेल्या पडद्यातून तोच मी. राघोला तर वाटायचं, लोकांना आवडलं तेच पुन्हा द्यावं, यात चुकायला जागाच कुठे आहे? खोडाळ्याच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्या पोश्याने ती जागा दाखवली.

"तुळश्या, पेनड्राइव्ह खराब दिला काय? सगळ्या वाटंनं एकच गाणं वाजतंय."

"एक नाय, आठ हायत."

"असतील बाबा. मला मोजता आली नायत."

त्यानंतर राघोच्या ओट्यावर जे बोलणं झालं ते मी खुंटीवरून ऐकलं.

"आंब्याला दर साली आंबाच लागतो," राघो म्हणाला. "कोण म्हणतं काय, की यंदा फणस दे?"

"आंबा सालात एकदा लागतो, दादा. आपण रोज वाजवतो," तुळशीदास म्हणाला.

रविना म्हणाली, "मला ओरडायचा कंटाळा आलाय. त्या आवाजाच्या वर जायचं म्हंजे मला जीव तोडून ओरडावं लागतं. माझ्या मनात हळू गाणी हायत, दादा. ती मला कोठं गाता येतील?"

आपल्या आवाजामुळे दुसऱ्याचा आवाज दबतो, हे वाजताना कळत नाही.

"मग मी काय करू?" राघोने विचारलं.

तुळशीदासने मान खाली घातली. "तू साऊंडकडं बघ ना. वायरी, जनरेटर. ते पण लागतंच की."

तिसरा अल्बम 'झिरा'. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटतात. मग बायका डोंगराच्या कपारीतल्या खड्ड्याशी, झिऱ्याशी, जाऊन बसतात. दगडातून पाणी थेंबाथेंबाने उतरतं. वाटीभर झालं की हंड्यात ओतायचं आणि पुन्हा वाट बघायची. रविनाची सगळी गाणी त्या वाट बघण्यातली होती. ती गिटार शिकली होती आणि ती इतक्या हलक्या बोटांनी वाजवायची की मधल्या शांततेतही काहीतरी वाजत आहे असं वाटायचं. नवा, धड पडद्याचा बॉक्स आला. मी कापडी पिशवीत, पिशवी खुंटीला. भिंतीपलीकडून ती गाणी ऐकू यायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुणीतरी वाटी बुडवत आहे.

गाणी चांगली होती, हेच दुखायचं. वाईट असती तर राघो आणि मी मिळून नावं ठेवली असती.

राघो वायरी उचलायचा, डिझेल भरायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला त्यातलं काय कळत नाय." लग्नसराई संपत आली तसं त्याने ठरवलं की आता भिवंडीलाच कायमचं जायचं. मुकादमाशी बोलून ठेवलं. जव्हारच्या एका बेंजो पार्टीवाल्याला निरोप गेला की सूर्यमाळच्या लग्नाला ये आणि बेंजो घेऊन जा. बँडमध्ये त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पिशवीला मात्र नवी नाडी बांधली. मुलीची पाठवणी करताना बाप तिची ट्रंक पुन्हा पुन्हा बंद करून बघतो, तशी तो ती नाडी ओढून बघत होता.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर सपना नावाच्या मुलीचं लग्न होतं. जांभळाच्या फांद्यांचा मांडव, वर फिकट आभाळ, खाली दऱ्यांमध्ये धुरकट ऊन. जेवणं आटोपत आली होती. काजवा बँडने 'झिरा'तलं पहिलं गाणं सुरू केलं. राघो मांडवाच्या कडेला, जनरेटरपासून जरा अंतरावर, मला पिशवीसकट मांडीवर घेऊन बसला. पार्टीवाला येऊन पोचला होता. यजमानांनी त्याला आग्रहाने पंगतीला बसवलं होतं. त्याचं जेवण झालं की माझं जाणं.

तरुण पोरं जागच्या जागी उड्या मारत होती. पण गाणं संथ, त्यामुळे उडी मारून खाली आलं तरी पुढचा ठोका यायचा असायचा. पोरं गोंधळून हसू लागली. तेव्हा सपनाची आजी धोंडीबाई उठली.

"सरका रं. हे तुमचं नाय, आमचं हाय. तुमच्या त्या धडधडीत आमी म्हाताऱ्या डोशींनी कवा नाचायचं?"

तिने शेजारणीच्या कमरेला हात घातला, तिने पुढच्या बाईच्या, आणि बघता बघता लांब रांग झाली. आमच्याकडच्या नाचाची एक रीत आहे, मित्रांनो. रांग वळते, वेटोळं घालते, वाजवणाऱ्याने चाल बदलली की उलट दिशेला फिरते, पण वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाही. त्याचा पाय बघूनच पाय टाकायचा असतो. तो जिकडे, तिकडे तोंड.

रांग हलली. रविना आणि तुळशीदास समोर उभे होते. रांग त्यांच्याकडे न जाता कडेकडेने वळली आणि जनरेटरच्या बाजूला येऊन राघोभोवती फिरू लागली.

तुळशीदासने माइकवरूनच हाक मारली. "आये, इकडं! वाजवणारी इकडं हायत!"

"मला काय डोळं नायत?" धोंडीबाई न थांबता ओरडली. "तुझ्या पायाला हलायला जागा नाय त्या डब्यांच्या मागं. पोरीचा पाय लुगड्यात. मी कुणाचा पाय बघू? ह्याचा दिसतोय, ह्याचा बघते."

सगळ्यांनी राघोच्या पायाकडे पाहिलं. मला ते आधीच ठाऊक होतं, कारण मी त्याच्या मांडीवर होतो. गाणं सुरू झाल्यापासून त्याची टाच जमिनीवर पडत होती, थेंब पडावा तशी, एकदाही न चुकता. मधल्या शांततेत ती वर थांबायची आणि नेमक्या क्षणी खाली यायची.

"तोंड बघा कसं फुगलंय," धोंडीबाई रांगेला म्हणाली, "अन् पाय बघा कसा नाचतोय! काय रं राघो, सासरी रुसून बसलेला जावई तू. पोटात भूक हाय, ताट पुढं हाय, अन् म्हणतो मला नको."

मांडव हसला. राघोने पाय थांबवला. पाय थांबला तशी रांग अडखळली, कुणाच्या तरी टाचेवर कुणाचा तरी पाय पडला आणि एक बाई ओरडली, "आरं ठेव ना चालू, पडू आमी!" त्याने घाईने पुन्हा ठेका धरला. आता लपायला जागा उरली नव्हती. मान वर करायला त्याला वेळ लागला.

समोर रविना गिटार वाजवत होती. तीही हसत होती, पण डोळे पुसत. तिने माइक बाजूला सारला आणि नुसत्या गळ्याने म्हणाली, "दादा, कोपऱ्यात बसून पाय काय वाजवतो? बेंजो आण की."

"ह्या गाण्यात त्याचं काय काम?"

"ते तू सांग. मला काय त्यातलं कळत नाय."

राघोने नाडीला हात घातला. इतक्यांदा ओढून घट्ट केलेली ती नाडी सुटेना. शेवटी तुळशीदास ऑक्टापॅड सोडून आला आणि त्याने ती दाताने सोडली. वायर जोडताना तो राघोच्या कानाशी म्हणाला, "साऊंडकडं बघ म्हणालो ते माझं चुकलं, दादा." वायर नीट बसली की नाही तेवढं राघोने बघितलं.

मित्रांनो, त्या क्षणी मी घाबरलो होतो. धड पडद्यातून मी इथे कधीच वाजलो नव्हतो. तार हलली आणि बॉक्समधून जो आवाज आला तो मला ओळखू आला नाही. तो खरवडलेला नव्हता, मोठाही नव्हता. राघोही दचकला. सवयीने त्याची बोटं जुन्या गाण्याच्या कळांकडे गेली, तिथे क्षणभर थांबली आणि परत आली. मग त्याने एकच सूर छेडला आणि तो पूर्ण विरेपर्यंत दुसरा वाजवला नाही. त्या मोकळ्या जागेत रविनाने तिची ओळ म्हटली. तिला ओरडावं लागलं नाही. त्याने आणखी एक सूर दिला, आधीपेक्षा खालचा. चाल बदलली. रांग उलट दिशेला फिरली. बायकांची तोंडं मात्र आमच्याकडेच होती.

ऊन उतरेपर्यंत ते चाललं होतं. रांग, धूर, जांभळाची पानं आणि दरी हे सगळं मिळून एकच काहीतरी हळूहळू फिरत आहे आणि मधोमध मी आहे, असं मला वाटत होतं. जव्हारचा पार्टीवाला? तो जेवण करून, हात धुऊन मला न्यायला आला खरा. पण कुणीतरी त्याला ओढलं आणि तो कुणाच्या तरी काकाच्या कमरेला हात घालून फिरत राहिला. जाताना राघोने त्याच्यापुढे हात जोडले. "माफ करा, तुमची खेप फुकट गेली." तो म्हणाला, "फुकट कशी? नाचलो की. पण उद्या मला दुसरा बेंजो शोधून दे." मुकादमाचा फोन आला तेव्हा राघोने सांगितलं, यंदा दुसरं कुणी बघा.

सध्या काजवा बँडचा चौथा अल्बम चालू आहे. तो कसा असेल ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. काल तुळशीदास म्हणाला, जरा जोरात करू या. रविना म्हणाली, करू, पण मी गाताना नाही. राघोने माझ्या तारा उतरवल्या, कळांखालची धूळ बारीक कुंचल्याने काढली, तारा पुन्हा चढवल्या आणि मला उन्हापासून दूर ठेवलं.

तुमच्या घरातही एखादं वाद्य गप्प पडलं असेल, मित्रांनो. ते खाली काढा, पुसा, तारा गंजल्या असतील तर बदला. जुनं आहे म्हणून जपून ठेवू नका. ठेवून ठेवूनही वाद्य मरतं. आणि हातात घ्याल तेव्हा आठवणीतलं गाणं लगेच मागू नका. आधी एकच सूर छेडा आणि तो विरेपर्यंत थांबा. त्याला अजून काय म्हणायचं आहे, ते ऐका.

माझं मला आज दुपारी कळेल. राघो नखी शोधत आहे.