रागात मागितलेला विसावा

मी वच्छला. खोटं कशाले बोलू, माह्या नाकावर राग असते. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथी नव्या सालाचं जेवण तेवीस वर्सं म्या रांधलं. विटायच्या तीन चुली, भात-रश्श्याचे दोन मोठे गंज, अन् ढवळाचा सराटा फक्त माह्या हाती. सुनेलेही हात लावू देत नव्हती.

आमच्या इथी एक रिवाज आहे. डिसेंबरभर प्रार्थना करायची, प्रभूले विचारायचं, अन् एक जानेवारीले उपासनेत उभं राहून सालभरासाठी एक शब्द सांगायचा. मंडळीनं आमेन म्हटलं का झालं पक्कं. मंग सालभर तो शब्द तुमच्या मानगुटीवर. पोचूभाऊनं मागच्या साली 'संयम' घेतला. बिचारा बैलावर खेकसला का बांधावरून कोणी ना कोणी ओरडे, "पोचूभाऊ, संयम!" बैल तेवढे सुखी झाले त्या साली.

यंदा नाताळाच्या दिवशी आमच्या मंडळीतली नीलाबाई सगळ्यायसमोर म्हणे, "नव्या सालाचा रस्सा रिनाले करू द्या न बाई, तिच्या हाताले चव आहे." रिना म्हणजे माही सून! अन् हे माह्या तोंडावर! घरी येऊन म्या भांडे आपटले. मले वाटलं, आता हे लोक मले काढून टाकतेत. चुलीपाशी मी नसली तर या मंडळीत माही गरज काय? गाणं मले येत नाई, शिक्षण चौथीपर्यंत. आठ दिवस त्याच भेवात काढले. प्रभूले काही विचारलंच नाई. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

एक तारखेले उभी राह्यली अन् ठसक्यात सांगतलं, "माहा शब्द विसावा. आजपासून मी चुलीपाशी जाणार नाई."

मले वाटलं होतं, आता सगळे धावत येतीन, हातापाया पडतीन. "नाई बाई, तुमच्याबिगर कसं होईन?" कायचं काय! आमचे पाळक अतुलभाऊ हसून म्हणे, "प्रभूची स्तुती असो!" अन् सगळी मंडळी एका आवाजात, "आमेन!" नीलाबाईनं तर टाळ्या वाजवल्या. घ्या आता!

मले मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसवलं. समोर रिना चुली पेटवून राह्यली, नीलाबाई कांदे चिरून राह्यली. केवढाल्या त्या फोडी, बाप्पा! मी उठली. चहूकडून आवाज, "विसावा, बाई, विसावा!" बसली. तेल तापून धूर निघाला तरी ही पोरगी पदरच खोचून राह्यली. पुन्हा उठली. "विसावा!" पोचूभाऊ तर सालभराचा वचपा काढाले माह्यावर डोळा ठेवूनच बसला होता. विसावा घेऊन घेऊन माहे पाय दुखाले लागले, सांगते तुम्हाले.

रस्सा झाला. वास असा सुटला का माहा धीरच खचला. चांगला झाला होता. माह्यापेक्षा चांगला म्हणणार नाई मी, पण चांगला. म्हणजे आता माही गरज संपली, असं मनात आलं अन् डोळे भरून आले.

पंगत बसली. अतुलभाऊ म्हणे, "आज जेवणाची प्रार्थना वच्छलाबाई करतीन." तेवीस वर्सांत या प्रार्थनेच्या वक्ताले मी कधी पंगतीत नव्हती, तिकडे भात उतरवत असो. हात जोडले. तोंड उघडलं अन् प्रभूसमोर खोटं बोलणं काही होईना.

"प्रभू, हा शब्द म्या तुले विचारून नाई घेतला. रागानं घेतला. या लोकायनं माही मनधरणी करावी म्हणून घेतला. मले भेव वाटते का आता मी कोणाच्या कामाची नाई. माफ कर. आमेन."

मंडळीनं आमेन म्हणाच्या आतच चुलीपाशून रिना आली, हाताले हळद तशीच.

"आई, तुम्ही नाई विचारलं, पण म्या विचारलं होतं," ती म्हणे. "लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली. दर नव्या सालाले तुम्ही साऱ्या गावाले जेवू घालता, अन् घरी येऊन उपाशी झोपता. थकून घास उतरत नाई तुमच्या गळ्याखाली. चार वर्सं झाले, दर डिसेंबरात मी प्रभूले हेच मागून राह्यली का माह्या सासूले एक दिवस बसून जेवू दे. नीलाबाईलेही म्याच सांगतलं होतं बोलाले. माही हिंमत नाई झाली."

मी तिच्याकडे पाहतच राह्यली. चार वर्सं! माह्या पोटच्या पोरालेही हे दिसलं नव्हतं. अन् मी या पोरीवर जळत बसली होती. मले रडू आवरेना, अन् त्यातच हसूही येऊन राह्यलं.

"बाई, आता त आमेन म्हणू द्या," नीलाबाई म्हणे, "रस्सा थंडा होऊन राह्यला." सारी पंगत हसली अन् आमेन म्हटलं.

रिना वाढाले वळली. म्या तिचा हात धरला.

"वाढतीन दुसरे. तू बस."

"नाई आई, रांधणारीनं मागून जेवायचं असते."

"कोणं सांगतलं तुले?"

"तुम्हीच."

मी सरकली, बाजूले जागा केली, अन् ती बसली तवाच पहिला घास घेतला.