एकाला सत्तर

फिंटन माझा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून जेवायला माझ्याकडेच असतो, त्यामुळे त्याच्या पोटातलं काही माझ्यापासून लपत नाही. गेली चार वर्षं त्याला एकच ध्यास होता: ऑस्ट्रेलियात, पर्थला जायचं, लेकीला डोळे भरून बघायचं, आणि फोनच्या काचेतच वाढलेल्या नातीला एकदा मांडीवर घ्यायचं. लेक, ऑर्ला, दर रविवारी म्हणायची, "बाबा, तिकीट मी काढते." हा ऐकेल तर शपथ! तिला तिकडे धाडायला त्यानं टिली विकली होती, स्वतः बाटलीनं दूध पाजून जगवलेलं शिंगरू. लेकीला दिलेलं परत घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा.

शनिवारी तीच टिली गॉलवेच्या रेसकोर्सवर धावणार होती. आमच्या गावातल्या बेटिंगच्या दुकानात पडद्यावर तिचा भाव होता एकाला सत्तर. फिंटननं शंभर युरो लावले. आमच्याकडे चिठ्ठी गिऱ्हाइकानंच लिहायची असते. त्यानं घोडीचं नाव, शर्यतीची वेळ, भाव, सगळं नीट लिहिलं आणि काउंटरवरच्या किअरननं ती मशीनमध्ये सरकवून घेतली.

टिली नाकभर पुढे राहून जिंकली. दुकानाच्या दारातूनच यानं ऑर्लाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र, तरी पोरगी शर्यत बघत जागीच होती. "येतोय गं मी!" एवढंच ओरडला आणि भर रस्त्यात रडायला लागला. मी बटाट्यांची पिशवी खाली ठेवून त्याला धरलं.

मग आम्ही पैसे घ्यायला आत गेलो. किअरनचा चेहरा उतरला होता.

"फिंटन, भाव एकाला सातच होता हो. पडद्यावर एक शून्य जास्त पडलं. उघड चूक असली की खऱ्या भावानंच द्यायचे, असा नियम आहे. तुमचे शंभर धरून आठशे होतात."

"आणि गेल्या वर्षी यानं चिठ्ठीवर वेळ चुकीची लिहिली, घोडा जिंकूनही पैसे दिले नाहीस, तेव्हा काय म्हणालास रे?" मी विचारलं. "लिहिलं ते लिहिलं! ती नव्हती वाटतं उघड चूक?"

"नुआला, नियम मी केलेत का?"

"केले नाहीस, पण वाचून दाखवायला पुढे असतोस. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

फिंटननं माझी बाही ओढली. "राहू दे. मलाही कळलं होतं. टिलीला सत्तर कोण देईल?"

"मग लावलेस कशाला?"

"वाटलं, जन्मात एकदा तरी दुसऱ्याची चूक माझ्या बाजूला पडेल."

 मी बटाट्यांची पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आलो. माळ्यावरून काढलेली त्याची बॅग माझ्या दाराशी तशीच उभी होती. मी चहा ओतला.

"तिला सांग आता."

"काय सांगू? येत नाही म्हणून?"

"निम्मे कमी पडतायत, म्हणून सांग."

"लेकीपुढे हात पसरू?"

"विकलेली घोडी जिंकली तर 'माझी, माझी' म्हणून नाचलास. मग लेकच तेवढी परकी का रे?"

त्यानं कप बाजूला ठेवला. मग फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. इतका ताठ माणूस, पण आवाज पार खाली आला.

"तू घालशील का गं बाकीचे?"

  पलीकडून हुंदका ऐकू आला.

"चार वर्षं मी काढते म्हणतेय आणि तुम्ही नको म्हणताय. मला वाटायचं, माझ्यापायी टिली गेली, त्याचा राग आहे. म्हणून माझ्या घरी यायचंच नाहीये तुम्हाला."

फिंटननं फोन दोन्ही हातांनी धरला. 

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "चूक झाली माझी. उघड चूक."